रातपाळी

पौषातली दुपार. केनवडच्या आमच्या शेतात हरभरा घाट्यांवर आलेला आणि धुऱ्यावरच्या निंबाखाली आमचा कुत्रा भुऱ्या आडवा पडलेला. चारी पाय एका अंगाला, एक कान मातीला टेकलेला, दुसरा अर्धा उभा. मी पुण्याहून चार दिवसांच्या सुट्टीवर आलेलो; पायांत नवे बूट, मनगटावर पावलं मोजणारं घड्याळ. म्हटलं, याला डांबरी रस्त्यानं तीन-चार किलोमीटर पळवून आणावं. पडून पडून सुस्तावलाय. शीळ घातली. भुऱ्यानं एक डोळा उघडला, शेपटीचा शेंडा एकदाच हलवला आणि डोळा पुन्हा मिटून घेतला.

बाबा बाजेवर बसून दोर वळत होते. मान वर न करताच म्हणाले, "राहू दे त्याले. रातपाळी हाये त्याची."

ती रातपाळी त्याच रात्री पाहिली. मी बाबांसोबत जागलीला गेलो होतो. आमच्याकडे रब्बीत पेरण्याइतकंच राखण्याचं काम असतं. रोही, म्हणजे नीलगाई, आणि रानडुकरं एका रात्रीत वावराचा पट्टा मोडून टाकतात. शेकोटी विझत आली तसा भुऱ्या उठला, अंग ताणलं, झटकलं आणि धुऱ्याधुऱ्यानं निघाला. दुपारचं ते लोळणारं कुत्रं हेच, हे सांगून पटलं नसतं. मध्यरात्रीनंतर तो एकदम भुंकत सुटला. बाबांनी बॅटरी मारली तर रोह्यांचा कळप पलीकडच्या तुरीतून पळताना दिसला. भुऱ्या धुऱ्यापर्यंतच धावला, तिथं थांबला, दोनदा भुंकला आणि परत येऊन बाजेखाली वेटोळं करून झोपला. पुढं जाण्याचं कारण नव्हतं. काम संपलं होतं.

मोठं कुत्रं दिवसाचा साधारण निम्मा वेळ झोपेत काढतं. पिल्लं आणि म्हातारी कुत्री त्याहून जास्त. पण आपल्यासारखी एकदाच लांबलचक झोप ते घेत नाही. तुकड्यातुकड्यानं झोपतं, मधेच उठून वास घेतं, पुन्हा पडतं. झोपेत पाय हलतात, बारीक भुंकणंही उमटतं. भुऱ्याचं तसं झालं की बाबा म्हणायचे, "सपनातबी रोहीच हाकलून राह्यला."

बैलाला आपण पोळ्याला सुट्टी देतो. आदल्या दिवशी खांदे मळतो, त्या दिवशी जू ठेवत नाही. द्यावीच लागते, कारण बैलाचं दावं आपल्या हातात. शेतावरच्या कुत्र्याला दावं नसतं, म्हणून त्याला कुणी सुट्टी देत नाही; ती तो रोज आपली आपण घेतो. कुठं पळायचं आणि कुठं पडायचं, दोन्ही त्याला कळतं.

शहरातल्या कुत्र्याचं तसं नाही. पट्टा आपल्या हातात आला की बैलाचा न्याय लागू होतो. दिवसभर बंद फ्लॅटमध्ये राहिलेलं कुत्रं चपला फाडतं, दार ओरबाडतं, तेव्हा ते खोडकर नसतं. त्याला काम नसतं. उलट, आपल्या व्यायामाच्या हौसेपायी भर उन्हात त्याला मागं ओढत नेणारेही मी पाहिलेत. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. पंजाच्या गाद्यांना येतो तो थोडासा. उष्णता मुख्यतः जीभ काढून, धापा टाकत बाहेर घालवावी लागते. ते धापा टाकत खाली बसलं, तर तो आळस नव्हे, अर्ज आहे.

त्या चार दिवसांत माझ्या घड्याळानं पावलं भरपूर मोजली. मी विसावलो किती, हे मात्र मला सांगता आलं नसतं. बाजेवर पडलो तरी हातात फोन होताच. भुऱ्या पडायचा तेव्हा पुरता पडायचा आणि उठायचा तेव्हा पुरता उठायचा. आपण धड पडतही नाही, म्हणून धड उठतही नाही.

तुमच्या घरी कुत्रं असेल तर त्याला सकाळी ऊन चढायच्या आत फिरवा, हवं तिथं थांबून हवा तेवढा वास घेऊ द्या. उन्हाळ्यात निघण्याआधी हाताची मागची बाजू डांबरावर टेकवून बघा. पाच-सात सेकंद सोसवत नसेल, तर त्याच्या पायांनाही सोसणार नाही. आणि दुपारी ते पंख्याखाली आडवं पडलं की शीळ घालू नका.