बेलापूरच्या चौकाखाली दडलंय काय?

नवी मुंबई म्हटलं की डोळ्यांसमोर येतात टॉवर्स, रुंद रस्ते आणि खिडकीखिडकीखाली लटकणारे एसीचे डबे. मे महिन्यात हे डबे आपल्या बेडरूममधली उष्णता बाहेर फेकतात आणि शेजारच्या बाल्कनीला फुकटात गरम झोत मिळतो! या सगळ्यापासून जरा बाजूला, डोंगराच्या पायथ्याशी सीबीडी बेलापूरच्या सेक्टर आठमध्ये आहे आर्टिस्ट्स व्हिलेज. एखाद्या रविवारी सकाळी इथे चक्कर माराच.

१९७०च्या दशकात सिडकोचे चीफ आर्किटेक्ट असलेल्या चार्ल्स कोरिया यांनी १९८०च्या दशकात ही वसाहत आखली. साधारण सात घरं आणि मधे आठ बाय आठ मीटरचा सामाईक चौक. दोन घरांत एक भिंत नाही, म्हणजे ज्याला जसं जमेल तसं त्याने घर वाढवावं. लोकांनी ते फारच मनावर घेतलं! उतरत्या छपरांची बरीचशी मूळ घरं जाऊन तिथे बंगले उभे राहिलेत. पण चौकात उभं राहिलं की पायाखाली अजून जमीन लागते, पोडियम पार्किंगचा स्लॅब नाही.

एवढं काय त्या जमिनीचं? तर स्वीडनमध्ये लाखो घरं जमिनीच्या जोरावर ऊबदार राहतात. बोअर मारायचं, त्यात पाइपचं वेटोळं सोडायचं, पाणी फिरवायचं आणि पंपाने उष्णता घरात खेचायची. हाच पंप उलटा चालवला की झाला एसी. फक्त उष्णता शेजाऱ्याच्या तोंडावर न जाता जमिनीत जाते.

आपल्याकडे गंमत अशी, की काही मीटर खाली जमिनीचं तापमान वर्षभर जवळपास सारखं असतं, साधारण त्या गावच्या वार्षिक सरासरीइतकं. म्हणजे इथे २७ अंशांच्या आसपास. बाहेरच्या ३३-३४पेक्षा बरं, पण स्वीडनसारखं गारेगार नव्हे. दीड टनाच्या एसीइतक्या थंडाव्यासाठी शंभर मीटरच्या पुढे बोअर लागेल. दोन बोअरमध्ये पाच-सहा मीटर अंतर हवं, म्हणजे एका चौकात जेमतेम चार. सात घरांत वाटले तर प्रत्येकाला एक टनही नाही!

शिवाय स्वीडनमध्ये हिवाळाभर उष्णता काढून घेतली जाते. आपण बारा महिने नुसती भरतच राहणार, जमीन हळूहळू तापत जाणार. त्यावर एक देशी तोडगा आहे. बेडरूममधली थोडी उष्णता आधी आंघोळीच्या पाण्याच्या टाकीत वळवायची. गीझरचं बिल वाचलं आणि जमिनीवरचा भारही कमी.

एवढं करूनही सात कुटुंबांचं एकमत लागणार. टॉवरवाल्यांपुढे तर प्रश्न आणखी मोठा: तीस मजल्यांच्या एसींना पुरेल एवढी जमीन आणायची कुठून? मशीन बाजारात मिळतं, मोकळी जमीन मिळत नाही. कोरियांनी चौक ठेवले ते शेजार जमावा म्हणून. पण उद्या कधी हा पंप बसवायचा झालाच, तर तो इथे थोडा तरी बसेल. तोवर त्या चौकावर काँक्रीट ओतलं गेलं नाही, म्हणजे मिळवली.

जायचं कसं? हार्बर लाइनने सीबीडी बेलापूर, तिथून रिक्षा. चौकांत लोक राहतात, तेव्हा कॅमेरा काढण्याआधी विचारा.