सुभाषिताचा पूर्वार्ध

लवकर निजणाऱ्यास आणि लवकर उठणाऱ्यास ज्ञान, आरोग्य व संपत्ती यांचा लाभ होतो, हे वचन मराठी शाळांच्या भिंतींवर इतकी वर्षे वाचले गेले आहे, की ते आपलेच वाटते. वस्तुतः बेंजामिन फ्रँकलिनने १७३५ च्या आपल्या पंचांगात छापलेल्या एका इंग्रजी म्हणीचे ते रूपांतर होय. ते येथे रुजले, कारण ब्राह्ममुहूर्त, काकड आरती आणि भूपाळी यांनी भूमी आधीच नांगरून ठेवली होती.

बेंगळुरूत या वचनाचा प्रत्यय सहज येतो. समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवरच्या या नगरात वैशाखातली पहाटही सुखाची असते. हैदर अलीने १७६० मध्ये आरंभिलेल्या लालबागेत प्रौढ मंडळी झपझप चालत असतात. रस्त्यावर वाहनांचा कल्लोळ उसळण्यापूर्वीचा तास तेवढा माणसाच्या मालकीचा उरतो. मात्र भारतीय प्रमाणवेळ साडेब्याऐंशी रेखांशाची असल्याने येथला सूर्य घड्याळाच्या सुमारे २० मिनिटे मागे चालतो आणि जानेवारीअखेर तो पावणेसातच्या सुमारास उगवतो. ‘लवकर’ हा शब्द घड्याळाचा की सूर्याचा, हा प्रश्न तेथूनच सुरू होतो.

त्याचे तिसरे उत्तर शरीराचे आहे. याच शहरातील जक्कूरच्या जवाहरलाल नेहरू प्रगत वैज्ञानिक संशोधन केंद्रात फळमाश्यांचे दोन वंश पिढ्यान्‌पिढ्या निवडून वाढविण्यात आले : एक सकाळी कोशाबाहेर पडणारा, दुसरा संध्याकाळी. या निवडीबरोबर त्यांची अंतर्घड्याळेही पालटली. पहिल्यांचे जलद झाले, दुसऱ्यांचे संथ. माशीला कोणी आळशी म्हणत नाही. उशिरा उठणाऱ्या मुलाला मात्र घराघरांत तो शब्द ऐकावा लागतो. शिवाय रात्रभर रंगलेल्या मैफलीच्या शेवटी भैरव ऐकणारा रसिक लवकर उठलेला नसतो; तो निजलेलाच नसतो.

या वचनातला खरा अन्याय त्याच्या पूर्वार्धात दडलेला आहे. मराठी ओवी पहाटेच्या अंधारात जात्यावर जन्मली, याचे कौतुक समीक्षेने पुष्कळ केले. परंतु जाते ओढणारी ती स्त्री घरात सर्वांच्या शेवटी आडवी होत असे. लवकर उठणे तिच्या वाट्याला आले, लवकर निजणे कधीच नाही. आणि संपत्ती घराची झाली, तिची नव्हे. लालबागेतले फिरणे सुरू होते, तेव्हा कृष्णराजेंद्र मार्केटात फुलांचे ढीग लागून गेलेले असतात आणि पौरकार्मिक स्त्रियांच्या हाती झाडू आलेला असतो. त्या जन्मभर पहाटे उठल्या. आरोग्य आणि संपत्ती यांनी त्यांचा दरवाजा ठोठावल्याचे ऐकिवात नाही.

त्याच वेळी परदेशच्या घड्याळावर काम करणारी तरुण पिढी घरी परतत असते. गीतेने इतरांच्या रात्री जागणाऱ्या संयमी पुरुषाचा गौरव केला. येथे जागरणामागे संयम नाही, वेतन आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००७ मध्ये रात्रपाळीची गणना बहुधा कर्करोगास कारण होणाऱ्या गोष्टींत केली. उपदेशाने ही पाळी बदलत नाही.

पहाटेचा महिमा खोटा नाही. तो ज्याला लवकर निजण्याची मोकळीक आहे, त्याच्यापुरता खरा आहे. बेंगळुरूतल्या एखाद्या मराठी घरात हे तत्त्व कोणी न सांगताही पाळले जाते. पहाटे पाच वाजता आई देवापुढे दिवा लावते आणि त्याच सुमारास रात्रपाळी संपवून मुलगी घरात येते. दोघींच्या दिवसांची तेवढीच गाठ. मुलगी निजली, की आई खिडकीचा पडदा ओढते आणि देवाला जागे करणाऱ्या भूपाळीचा आवाज कमी करते.