मूठ आणि धक्का

शस्त्राची कीर्ती त्याच्या नळीवरून होते. पण ते आपल्या हातचे आहे की नाही, हे मूठच सांगते. हाताचीही मूठ आणि हत्याराचीही मूठच. भाषेने दोहोंना एकच नाव दिले, यात आम्हांस पूर्वजांचे शहाणपण दिसते.

आमचा एक माजी विद्यार्थी अमेरिकेतील टेक्सास राज्यात स्थायिक झाला आहे. घर गावाबाहेर, आणि रानडुकरांचा उपद्रव मोठा. म्हणून त्याने मोठ्या बोअरचे रिव्हॉल्व्हर घेण्याचे ठरविले. तेही जुन्या धर्तीचे, ज्यात प्रत्येक बारापूर्वी अंगठ्याने घोडा मागे ओढावा लागतो. दुकानदार त्याच्या मुठीस 'नांगराची मूठ' म्हणाला. "गुरुजी, यास मराठीत काय म्हणावे?" एवढेच त्याने पत्रातून विचारले होते. आम्ही कळविले, "रुमणे." त्या एका शब्दावरून पत्रव्यवहार पुष्कळ लांबला.

आमच्या हट्ट्याच्या परिसरात धानाच्या बांधीत नांगर चालविणारा शेतकरी रुमणे आवळून धरीत नाही. फाळ दगडास अडला की रुमणे उसळते. पकड पक्की ठेवूनही तो ती उसळी हातातून जाऊ देतो. १८७३ साली निघालेल्या कोल्ट रिव्हॉल्व्हरच्या मुठीचे तत्त्व हेच. नळी हाताच्या वर असल्याने बार होताच तिचे तोंड उचलले जाते, आणि खाली वळत गेलेली गुळगुळीत लाकडी मूठ तळहातात किंचित फिरते. धक्का सरळ तळव्यावर न आदळता वरच्या अंगास निघून जातो. रबरी मूठ मऊ लागते खरी, पण ती तळव्यास चिकटून हे फिरणे अडविते.

प्रत्येक धक्का मात्र असा निघून जात नाही. .४५ कोल्टची गोळी सुमारे १६ ग्रॅमची. १९५५ साली आलेल्या .४४ मॅग्नमची गोळीही जवळपास तेवढीच, पण वेग सुमारे दीडपट. तेवढ्याने धक्क्याची ऊर्जा दुपटीहून अधिक वाढते. मग रुमण्यासारखी मूठ हातात फार फिरते, दर बारास पकड नव्याने घ्यावी लागते, आणि चापाभोवतीची कडी मधल्या बोटाच्या पेरावर आपटते. अशा वेळी 'बिस्ले' धर्तीची, मागून उंच चढलेली उभट मूठ अनेकांस अधिक मानवते.

हलके हत्यार सुखाचे, हाही समज खरा नव्हे. काडतूस तेच ठेवून वजन घटविले तर धक्का वाढतो. कानपूरच्या सरकारी कारखान्याने २०१४ साली स्त्रियांसाठी काढलेले 'निर्भीक' जेमतेम अर्ध्या किलोचे, ते.३२ बोअरचे म्हणून सोसवते. मोठ्या बोअरला किलोभर वजनाचा आधार हवाच.

विद्यार्थ्याचे मन .४४ वर गेले होते. आम्ही लिहिले, "घरात हत्यार एकच राहणार असेल, तर ते सूनबाईंच्याही हाती देऊन पाहा. पकड न बदलता अंगठा घोड्यापर्यंत पोहोचतो का? करंगळीला जागा मिळते का?" पुढील पत्रात त्याने कळविले की, नेमबाजीच्या मैदानावर तिसऱ्या बारापासून ती चाप ओढण्याआधीच डोळे मिटू लागली. धक्क्याचे भय मनात बसले की मनगट आधीच झुकते, आणि गोळी भलतीकडे जाते. ती कोणास लागेल, याचा नेम नाही. अखेर दोघांनी मिळून .४५ चे, साध्या लाकडी मुठीचे, वजनदार रिव्हॉल्व्हर निवडले.

त्यांच्या घरी दोन लहान मुले आहेत. जुन्या घडणीच्या अशा रिव्हॉल्व्हरात सहा घरे असली तरी पाचच काडतुसे भरून घोड्याखालचे घर रिकामे ठेवण्याचा प्रघात आहे. कारण घोडा काडतुसावर टेकलेला असताना हत्यार नुसते खाली पडले, तरी बार होऊ शकतो. काही कारखान्यांनी नंतर यावर आतून अडसर बसविला. तथापि मुलांपासून रक्षण करणारा अडसर कुलपाचाच. मोठ्यांच्या हातास जी मूठ सुखाची वाटते, ती लहान हातांसही मोह घालते. म्हणून मुठीच्या निवडीइतकीच कुलपाची निवडही महत्त्वाची, हे आम्ही त्यास आवर्जून लिहिले. हत्याराच्या आधी कुलूप घरी आले, असे त्याचे उत्तर आले, तेव्हा आमची काळजी पुष्कळ हलकी झाली.