पावसाची चाल

रत्नागिरीत पाऊस किती पडतो, असं पाहुण्यांनी विचारलं की उत्तर तोंडावर असतं : वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर, म्हणजे पुण्याच्या चौपट. पाहुण्यांचे डोळे विस्फारतात आणि विषय तिथंच संपतो. पण इथं नांदणाऱ्याला नुसत्या आकड्याचं फारसं काही वाटत नाही. इथं जूनपासून ऑक्टोबरपर्यंत एकामागून एक निराळेच पाऊस येतात, आणि प्रत्येकाची चाल वेगळी.

पहिला येतो वाजतगाजत. मेअखेरीस घरोघर आगोटीची धांदल असते. पडवीत लाकडं रचली जातात, आमसुलं, सांडगे, सुके बोंबील डब्यांत बंद होतात, कौलं चाळून होतात. 1 जूनपासून दोन महिने यांत्रिक मासेमारीला बंदी, त्यामुळे होड्या शाकारलेल्या. सात-आठ जूनला मृग निघतो. विजा कडाडतात, दिवे जातात, आणि भाजून निघालेला जांभा पाणी नुसता पिऊन टाकतो. थोड्याच दिवसांत सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या पठारावर, दीपकाडीची पांढरी फुलं उभी राहतात.

आर्द्रा सरता सरता गडगडाट मागे पडतो. पुनर्वसूचा तरणा आणि पुष्याचा म्हातारा हे दोघे बिनबोभाट काम करणारे. समुद्रावरून आलेले वारे सह्याद्रीला अडून वर चढतात, किनाऱ्याला समांतर कमी दाबाचा पट्टा तयार होतो, आणि मग दिवस-रात्र एकच सूर. वर्षातला सर्वांत मोठा वाटा या जुलैचा, पण वीज क्वचितच चमकते. घरात मात्र त्याच्या खुणा जागोजाग. दारं फुगून चौकटीत अडकतात, काडी पेटीवर घासली तर गूल सुटतो पण काडी पेटत नाही, मिठाच्या बरणीच्या तळाशी पाणी साचतं, कपाटातल्या चामड्याच्या पट्ट्यावर हिरवट बुरशी धरते. दोरीवरची चादर तिसऱ्या दिवशीही दमटच लागते. बाहेर चिखलणी झालेल्या खाचरांत लावणी चालू असते. वाकलेल्या पाठींवर इरल्याऐवजी आता प्लॅस्टिकचे कागद दिसतात, एवढाच फरक. हाच पाऊस चाल सोडून एका रात्रीत कोसळला तर काय होतं, ते जुलै 2021 मध्ये वाशिष्ठी नदीच्या पुरानं चिपळूणला दाखवलं.

ऑगस्टमध्ये झड मोडते. मान्सूनचा कमी दाबाचा पट्टा उत्तरेला हिमालयाच्या पायथ्याशी सरकला की इकडे उघडीप पडते. एक सर, मागोमाग लख्ख ऊन. शेजारच्या काकू अंगणात कपडे वाळत घालतात, पण एक पाय उंबऱ्यातच असतो. नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ वाहिला जातो, आणि सड्यांवरच्या उथळ डबक्यांत सीतेची आसवं जांभळी-निळी होऊन फुलतात.

हस्ताचा पाऊस पुन्हा आवाजी, आणि उलट्या दिशेचा. सकाळभर घामाच्या धारा. दुपारी सह्याद्रीच्या बाजूनं काळोख दाटतो आणि तासाभरात सगळं धुऊन जातं. हळवं भात तेव्हा कापून शेतात आडवं पडलेलं असतं. जुलैत एका दिवसात शंभर मिलिमीटर पडला तर शेतकरी खूश. ऑक्टोबरात त्याच्या निम्म्यानं लोंब्यांना कोंब फुटतात.

वेधशाळेच्या वहीत मात्र दोन्ही पाऊस सारखेच. रोज सकाळी साडेआठला पर्जन्यमापकातलं पाणी मोजायचं, आणि अडीच मिलिमीटर भरलं की तो दिवस पावसाचा. नोंद चोख असते, पण बेरजेत चाल उरत नाही. आमच्या वाडवडिलांनी तेरा-चौदा दिवसांचं एकेक नक्षत्र धरून कोल्हा, बेडूक, म्हैस, हत्ती अशी वाहनं ठरवली. त्या वाहनांवरून पाऊस ओळखता येतो असं मी म्हणणार नाही; पण पाऊस कसा येतो हेही विचारायचं असतं, एवढं त्यांना ठाऊक होतं.

कसा येतो याइतकंच कसा जातो हेही विचारायला हवं. जांभा सच्छिद्र, जमीन उताराची, आणि डोंगर ते समुद्र अंतर थोडं. त्यामुळे पाणी मुरलं तरी झिरपून निघतं, वाहिलं तर काही तासांत खाडीला मिळतं. मे महिन्यात याच जिल्ह्यातल्या वाड्यांवर टँकर फिरतात. तीन हजार मिलिमीटरच्या मुलखात टँकर हे ऐकून पाहुणे दुसऱ्यांदा डोळे विस्फारतात. आभाळाची चाल बदलणं कुणाच्या हाती नाही. पण हस्त सरल्यावर, पऱ्या (ओढा) अजून वाहता असतानाच वाडीनं एकत्र येऊन मातीच्या गोण्यांचा बंधारा घातला, तर खालच्या विहिरीला आणखी काही आठवडे पाणी राहतं. खर्च रिकाम्या गोण्यांचा आणि एका रविवारच्या अंगमेहनतीचा. पुढच्या वेळी पाहुण्यांनी पावसाचा आकडा विचारला, तर मी त्यांना तो बंधारा दाखवायला नेणार आहे.