कानाने शिकलेले इंग्रजी

इंग्रजी मला वाचता येत होते. ऐकून कळत नव्हते. मालेगावच्या उर्दू शाळेत आम्ही धडे पाठ केले, शब्दार्थ लिहिले. पण वर्गाबाहेर इंग्रजी बोलणारा माणूस आम्हांला कधी भेटतच नसे. पुढे पुण्याच्या कॉलेजात विज्ञान शाखेला गेलो. तिथे सर फळ्यावर लिहीत तेवढेच समजे. अब्बा यंत्रमागावर काम करत. पहिल्या वर्षी नापास झालो तर परत येऊन मागावर उभे राहायचे, असे घरात ठरले होते.

जुन्या बाजारातून मी एक टेपरेकॉर्डर आणि उच्चार शिकवणारी कॅसेट आणली. आता मोबाईलवर बोट ठेवले की शब्द ऐकू येतो. तेव्हा एकच वाक्य पुन्हा ऐकायला फीत मागे न्यावी लागे. ती कितीदा तरी गुंतली. पेन्सिल घालून ती गुंडाळणे हाही अभ्यासाचाच भाग झाला.

सोबत शब्दकोश होता. डॅनियल जोन्स या इंग्रज अभ्यासकाने १९१७ साली केवळ उच्चारांचा कोश प्रसिद्ध केला होता. माझ्या साध्या कोशातही शब्दापुढे उच्चाराच्या खुणा असत. त्यांत एक छोटी उभी रेघ असे. रेघेनंतरच्या अक्षरावर जोर द्यायचा. 'फोटोग्राफ'मध्ये जोर 'फो'वर. 'फोटोग्राफर'मध्ये तो 'टॉ'वर सरकतो आणि आधीचा 'फो' बारीक होऊन नुसता 'फ' उरतो. 'कम्फर्टेबल' तर अर्धा गिळलेलाच! आपण इंग्रजी बोलतो ते मागाच्या खटखटीसारखे, प्रत्येक ठोका सारखा. इंग्रज एका ठोक्यावर जोर देतात आणि बाकीचे घाईने उरकतात. वर्गात मला न कळणारे शब्द खरे तर ओळखीचेच होते, पण असे उरकलेले.

साहेबासारखे बोलण्याची मला हौस नव्हती. ऐकलेले कळावे आणि माझे इतरांना कळावे, एवढे पुरे होते.

आवाजाचा चढ-उतार फारसा अवघड गेला नाही. 'तू येणार.' आणि 'तू येणार?' यांत शब्द तेच आहेत, फक्त शेवटी आवाज चढतो. इंग्रजीतही हो-नाहीच्या प्रश्नात तो बहुधा चढतो. मात्र 'तुझे नाव काय?' असे विचारताना बहुधा उतरतो.

गाडी अडली ती 'थिंक'पाशी. आपल्या 'थ'ने भागेना. दिवाळीच्या सुट्टीत घरी कॅसेट लावून बसलो होतो. शेजारी खाला भाजी निवडत होती. ती मोहल्ल्यातल्या मुलींना अरबी वाचायला शिकवत असे. इंग्रजीचे एक अक्षर तिला येत नव्हते. थोडा वेळ ऐकून ती म्हणाली, "अरे, हा तर अरबीतला 'से'! उर्दूत आपण त्याला 'स' म्हणतो, म्हणून तुला ओळखता आला नाही. जिभेचं टोक वरच्या दातांच्या कडेला लाव आणि हवा सोड."

मी तसे केले.

"पुन्हा," ती म्हणाली.

'दिस' आणि 'दॅट' ऐकून तर ती हसलीच. "आणि हा 'ज़ाल'!"

दहा दिवस तिने मला सोडले नाही. कॅसेट चुका दाखवत नव्हती. खाला एकही सोडत नव्हती.

सुट्टी संपून कॉलेज सुरू झाले. पहिल्याच तासाला सरांचे बोलणे ऐकता ऐकता मी वहीची तीन पाने लिहून काढली, फळ्याकडे न बघता.