मात्रा, यती आणि वेगाचे माप

मात्रा जुळल्या म्हणजे कविता झाली का, हा प्रश्न वृत्ते शिकवताना दरवर्षी कोणीतरी विचारतेच. लघूची एक, गुरूच्या दोन असे मोजत गेले की मात्रा कुठे कमी पडली, यतिभंग कुठे झाला, हे नेमके दाखवता येते. मात्र सगळ्या मात्रा जुळूनही ओळ निर्जीव असू शकते. मोजणीने दोष सापडतो; गुण सिद्ध होत नाही. छंदःशास्त्राच्या तासाला सहज पटणारी ही गोष्ट इतरत्र किती चटकन विसरली जाते, ह्याचा प्रत्यय अलीकडे अगदी अनपेक्षित ठिकाणी आला.

माझी धाकटी बहीण पुण्यातील एका सॉफ्टवेअर कंपनीत टीमप्रमुख आहे. टीमचे काम वापरणाऱ्यांपर्यंत किती वेगाने पोचते, हे मोजण्यासाठी मापे निवडायची होती. वरून सुचवलेले माप होते माणशी स्टोरी पॉइंट. म्हणजे एखादे काम किती मोठे, ह्याचा टीमने आपापसात बांधलेला अंदाज. त्यानुसार यादी लावली, तेव्हा तळाशी नाव आले ते टीममधील सर्वांत अनुभवी बाईंचे. "ताई, ह्या यादीवर त्यांची पगारवाढ ठरणार. आणि कोणाचंही काही अडलं की सगळे जातात त्यांच्याकडेच! तू मात्रा मोजायला शिकवतेस ना? मग सांग, ह्यात चुकतंय कुठे?"

ह्या क्षेत्राला हा पेच नवा नाही. अँडी हर्ट्झफेल्ड ह्यांनी सांगितलेली १९८२ सालची एक आठवण प्रसिद्ध आहे. ॲपलमध्ये व्यवस्थापकांनी प्रत्येकाला आठवड्यात लिहिलेल्या कोडच्या ओळी तक्त्यात भरायला सांगितल्या. बिल ॲटकिन्सन ह्यांनी तेव्हा क्विकड्रॉचा एक भाग नव्याने लिहून तो कितीतरी वेगवान केला होता आणि त्या ओघात सुमारे दोन हजार ओळी कमी झाल्या होत्या. त्यांनी रकान्यात 'उणे २०००' असे लिहिले. पुढे काही आठवड्यांनी त्यांच्याकडे तो तक्ता मागणेच बंद झाले. चांगल्या संपादकाचे काम ज्याने पाहिले आहे, त्याला ह्या उणे चिन्हाचे मोल वेगळे सांगायला नको.

ब्रिटिश अर्थतज्ज्ञ चार्ल्स गुडहार्ट ह्यांनी १९७५ मध्ये चलनविषयक धोरणासंदर्भात एक निरीक्षण नोंदवले होते. त्याचा सर्वसाधारण आशय असा, की एखाद्या मापाचा नियंत्रणासाठी वापर सुरू झाला की त्याचा भरवसा संपू लागतो. आम्हा प्राध्यापकांना ह्याची उदाहरणे दूर शोधावी लागत नाहीत. २०१० च्या नियमावलीने शोधनिबंधांना आणि चर्चासत्रांना गुण दिले. पैसे घेऊन छापणाऱ्या नियतकालिकांचे पेव कसे फुटले, हे सर्वज्ञात आहे. निबंध किती छापले, ह्याला रकाना होता. ते कोणी वाचले का, ह्याला नव्हता.

मग मोजूच नये काय? तसे म्हणणे सोपे आहे, पण पळवाटीचे आहे. निकोल फोर्सग्रेन, जेझ हंबल आणि जीन किम ह्यांच्या २०१८ सालच्या 'ॲक्सिलरेट' ह्या पुस्तकात चार मापे मांडली आहेत. बदल किती वेळा वापरात जातात आणि नोंदवलेला बदल वापरात यायला किती काळ लागतो, ही दोन वेगाची. किती बदलांमुळे बिघाड होतो आणि बिघडलेली सेवा सावरायला किती वेळ लागतो, ही दोन स्थैर्याची. एका जोडीने दुसरीवर पहारा ठेवावा, अशी ही रचना आहे. घाई करून वेग दाखवलाच, तर बिघाडाचे आकडे बोलतात. शिवाय ही मापे कामाच्या प्रवाहाची आहेत, एकेका माणसाची नाहीत.

बहिणीने ती लावून पाहिली. दोन-तीन दिवसांत लिहिलेला बदल पुढे तपासणीच्या रांगेत आठवडा-आठवडा पडून असतो, असे दिसले. ती रांग उपसत होत्या त्या यादीच्या तळाशी असलेल्या बाईच. दुसऱ्यांचे कोड तपासण्याला स्टोरी पॉइंट नव्हते. पगारवाढीच्या भीतीने त्यांनी तपासणी सोडून स्वतःचे पॉइंट वाढवले असते, तर त्यांचा आकडा सुधारला असता आणि टीम आणखी मंदावली असती. त्या तिमाहीपुरती तरी माणशी यादी मागे पडली. पुढचे अजून ठरायचे आहे.

ही चार मापे तरी अभंग आहेत असे नाही. त्यांवर बक्षीस लावले, तर एका बदलाचे दहा फुटकळ तुकडे करून संख्या फुगवता येईल. घड्याळ बदल नोंदवल्यापासून लावायचे की ग्राहकाने मागणी केल्यापासून, ह्यावरही उत्तर पालटते. पहिल्यात चर्चेत गेलेले महिने दिसतच नाहीत. म्हणून माप निवडताना बहिणीला मी एकच प्रश्न सुचवला: हा आकडा वाईट आला, तर तुम्ही काय कराल? 'कुठे अडले ते शोधू' असे उत्तर असेल, तर ते माप ठेवावे. 'कोणाला धरायचे ते कळेल' असे असेल, तर तो रकाना आखूच नये.