दातांना तार लावण्याआधी

येत्या शनिवारी लेकीला घेऊन दातांच्या डॉक्टरांकडे जायचं आहे. तिला तारा बसवायच्या आहेत. आमच्याकडे कुणी याला क्लिप म्हणतं, कुणी जाळी. डॉक्टर ब्रेसेस म्हणतात. लेक आठवीत आहे. वरचे पुढचे दात बाहेर आलेले, खालच्या दातांची दाटी, आणि ओठ सहज मिटत नाहीत. गोष्ट एवढीशीच. पण गेले दोन महिने आमच्या घरात या दातांवर जेवढी चर्चा झाली, तेवढी घर बांधतानाही झाली नव्हती. शाळेत पालकही मला हेच प्रश्न विचारतात, म्हणून जे वाचलं, विचारलं, ऐकलं ते इथं लिहून ठेवते.

चर्चेची सुरुवात नणंदेनं केली. म्हणाली, "भाभी, अच्छा कर रै. दाँत सीधे हुए तो रिश्ता बी सीधा आएगा." ती मनानं चांगली आहे, भाचीवर तिचा जीव आहे. पण लेक तिथंच बसली होती. तेरा वर्षांच्या मुलीनं स्वतःच्या दातांबद्दल पहिलं काय ऐकावं, तर लग्न! त्या रात्री ती मला म्हणाली, "अम्मी, फुफी म्हणते तसं असेल तर मला नको तारा." तिचं बरोबरच होतं. पाहायला येणाऱ्यांसाठी दोन वर्षं तोंडात लोखंड का बाळगायचं?

यात आणखी एक गोष्ट माझ्या लक्षात आली. माझ्या पुतण्याचे दात जवळजवळ असेच आहेत. तो सहावीत आहे. त्याच्या दातांवरून घरात कुणी रिश्त्याचा विषय काढत नाही, आणि म्हणून उपचाराचाही काढत नाही. म्हणजे मुलीवर खर्च होतो तो चुकीच्या कारणासाठी, आणि मुलावर होतच नाही. दात मात्र दोघांचेही सारखेच. पुढे आलेल्या दातांना खेळताना पडल्यावर मार लागण्याची, तुकडा उडण्याची भीती जास्त असते. दाटी असली की ब्रश नीट पोचत नाही, हिरड्या सुजतात, कीड लागते. ओठ उघडे राहिले की तोंड कोरडं पडतं. ही कारणं पुरेशी आहेत. त्यात नवरदेवाला आणायची गरज नाही.

लेकीची खरी अडचण मला शिक्षिका म्हणून दिसली. मी उर्दू शाळेत मराठी शिकवते, घरी लेकीचं उर्दूही बघते. ती पूर्वी धडा मोठ्यानं वाचायची. सातवीपासून ती आवाज खाली आणते, हात तोंडाशी नेते. मराठी व्याकरणात आपण वर्णांची स्थानं शिकवतो. प, ब, म हे ओष्ठ्य, दोन्ही ओठ मिटल्याशिवाय नीट येत नाहीत. त, थ, द, ध हे दन्त्य, जिभेला दाताचा आधार लागतो. शिवाय मराठीत 'जग' म्हणजे दुनिया आणि 'जग' म्हणजे जिवंत राहा, लिहिताना एकच, फरक फक्त जिभेच्या जागेचा. आमच्या उर्दूच्या मुलांना हा फरक समजावताना मी नेहमी म्हणते, आरशासमोर उभे राहा आणि जीभ कुठं लागते ते पाहा. माझी लेक आरसा टाळते.

मकतबमध्ये तिची किरात चांगली होती. ज्यांनी तजवीद शिकली आहे त्यांना माहीत असेल, हरफांचे मखरज शिकण्याआधी उस्ताद दातांची नावं पाठ करून घेतात. ३२ दात: सनाया ४, रबाइयात ४, अनियाब ४ आणि अज़रास २०. त्या २० दाढांचे पुन्हा भाग, ज़वाहिक ४, तवाहिन १२ आणि नवाजिज़ ४. नवाजिज़ म्हणजे आपल्या अक्कलदाढा. 'से', 'ज़ाल', 'ज़ोय' म्हणताना जिभेचं टोक वरच्या सनायाच्या कडेला लागायला हवं. 'फे' म्हणताना त्याच दातांची कड खालच्या ओठाच्या आतल्या बाजूला टेकते. मला हे फार सुंदर वाटतं. डॉक्टर ज्या दातांना आकडे देतात, त्यांना आपल्याकडच्या मकतबात बसलेली दहा वर्षांची पोर नावानं ओळखते. पण दात जागेवर नसले की जीभ दुसरी वाट शोधते. तारांनी उच्चार आपोआप सुधारेल असं कुणी मला सांगितलेलं नाही आणि मी लेकीलाही तसं सांगितलेलं नाही. जिभेची सवय वेगळी मोडावी लागते. पण ओठ मिटले तर तिचं तोंडाशी जाणारं बोट तरी खाली येईल, एवढी आशा आहे.

आता दीनचा प्रश्न. सासूबाईंनी तो काढला आणि तो योग्यच होता. सौंदर्यासाठी दातांत फटी पाडून घेणाऱ्या बायकांबद्दल हदीसमध्ये कडक शब्द आले आहेत. मग हे चालतं का? यावर उलेमांनी फरक केला आहे. चांगल्या दातांना केवळ नटण्यासाठी कोरणं वेगळं आणि दोष, त्रास दूर करण्यासाठी उपचार करणं वेगळं. याच संदर्भात हज़रत अरफजा यांची हकीकत सांगितली जाते. कुलाबच्या लढाईत त्यांचं नाक कापलं गेलं होतं. त्यांनी चांदीचं नाक बसवलं, त्याला दुर्गंधी येऊ लागली, तेव्हा रसूलुल्लाह सल्लल्लाहु अलैहि व सल्लम यांनी त्यांना सोन्याचं नाक बसवायला सांगितलं. पुरुषांना सोनं हराम असूनही. तिर्मिज़ी यांनी ही हदीस देऊन पुढं नोंदवलं आहे की अनेक इल्मवाल्यांनी आपले दात सोन्यानं बांधून घेतले होते. दहाव्या शतकात कुर्तुब्याचे हकीम अबुल कासिम अज़-ज़हरावी यांनी 'अत-तसरीफ' या ग्रंथात हलणारे दात सोन्याच्या तारेनं कसे बांधायचे ते लिहिलं, दातांवरचा थर खरवडायच्या हत्यारांची चित्रंही काढली. तेव्हा दातांना तार ही काही काल-परवाची गोष्ट नाही. सासूबाई हे ऐकून म्हणाल्या, "फिर तो करवा लो." त्यांचा विरोध कधीच नव्हता, त्यांना फक्त खात्री हवी होती.

दुसरा प्रश्न गुस्लचा. हनफी मसलकात गुस्ल करताना चूळ भरणं फर्ज़ आहे, वुज़ूत सुन्नत. शाफई मसलकात, म्हणजे आपल्या बहुतेक कोकणी भावा-बहिणींकडे, दोन्हीत सुन्नत. मग तारेखाली पाणी गेलं नाही तर? आमच्या मौलानांना विचारलं. ते म्हणाले, उपचारासाठी चिकटवलेली वस्तू रोज काढता येत नाही, तेव्हा चूळ नीट भरा, पाणी पोचेल तिथपर्यंत पोचवा, गुस्ल होतं. काढता-घालता येणारी प्लेट असेल तर मात्र ती काढून चूळ भरायची. हल्ली पारदर्शक साचे निघाले आहेत, त्यांनाही हेच लागू. तुमच्या मसलकाप्रमाणे तुमच्या आलिमांना जरूर विचारा, पण विचारायला लाजू नका. मुलींनी तर मुळीच लाजू नये.

तिसरी भीती दात काढण्याची. दाटी जास्त असली तर डॉक्टर कधीकधी सुळ्यामागचे दात काढून जागा करतात. सगळ्यांचेच काढतात असं नाही. आमच्या शेजारच्या चाचींनी ठणकावून सांगितलं, वरचा दात काढला की नजर जाते. हा समज किती घरांत आहे! दाताची नस आणि डोळ्याला दिसण्याची नस वेगवेगळ्या आहेत. दात काढल्यानं नजर जात नाही. मात्र दात काढणार असतील तर का, किती आणि न काढता काय होईल, हे विचारण्याचा आपल्याला हक्क आहे.

दात सरकतो कसा, हेही मी लेकीला समजावून सांगितलं. दात हाडात खिळ्यासारखा ठोकलेला नसतो. त्याच्या मुळाभोवती बारीक तंतूंचं आवरण असतं. तार एका बाजूनं हलका दाब देते, त्या बाजूचं हाड विरघळत जातं आणि मागच्या बाजूला नवं हाड भरत जातं. दात महिन्याला सुमारे एक मिलिमीटर सरकतो. म्हणूनच दीड-दोन वर्षं लागतात. घाई करून जोर लावला तर मुळांना इजा होते. आणि तारा निघाल्यावर दात जुन्या जागी परत जायला बघतात, म्हणून नंतर रिटेनर वापरावा लागतो. लेक म्हणाली, "म्हणजे दातांनाही सवय मोडायला वेळ लागतो." मी म्हटलं, हो.

पैशाचं सांगते. खासगी दवाखान्यातला आकडा ऐकून आम्ही दोघं नवरा-बायको गप्प झालो. हप्ते मिळतात, पण हप्ताही हप्ताच असतो. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथं शासकीय दंत महाविद्यालयं आहेत, मुंबईत पालिकेचं नायर दंत महाविद्यालय आहे. तिथं खर्च बराच कमी येतो. पदव्युत्तर विद्यार्थी प्राध्यापकांच्या देखरेखीखाली काम करतात, रांग असते, खेपा जास्त होतात. आम्ही जालन्यात राहतो, संभाजीनगर साधारण साठ किलोमीटर. महिन्याला एक खेप जमेल असा हिशेब केला आणि माझ्या भिशीचे पैसे त्यासाठी बाजूला ठेवले. खासगीत जाणाऱ्यांनी एवढं पाहावं की तारांचं काम करणारे डॉक्टर त्या विषयातले एमडीएस आहेत ना. बीडीएसनंतरची ती तीन वर्षं याच कामाची असतात.

आता तयारी. पहिल्या भेटीत तारा सहसा बसवत नाहीत, हे आधीच मुलाला सांगा, म्हणजे तो घाबरत नाही. त्या दिवशी तपासणी, एक्स-रे, फोटो आणि दातांचं माप. किडलेले दात भरून आणि दात साफ करून मगच तारा लागतात, म्हणून आम्ही ते काम गावातच उरकून घेतलं. माप घेताना तोंडात गार लगदा भरलेला साचा धरतात, त्यानं काहींना उमासा येतो. नाकानं श्वास घ्यायचा सराव करून ठेवावा. पोट अगदी तुडुंब भरून जाऊ नये.

स्कार्फ घालणाऱ्या मुलींच्या आयांसाठी खास. ओपीजी नावाचा एक्स-रे काढताना यंत्र डोक्याभोवती फिरतं. कानातलं, गळ्यातलं, केसांच्या आणि स्कार्फच्या पिना काढाव्या लागतात. बाजूनं काढायच्या दुसऱ्या एक्स-रेला कानाशी दांडे टेकवतात, तेव्हा कान उघडे लागतात. म्हणून पिनांशिवाय बसणारा, सैल स्कार्फ नेणार आहे. तिथं बाई तंत्रज्ञ आहेत का, दार लावता येईल का, हे आधी शांतपणे विचारायचं. फोटो समोरून, बाजूनं, हसताना असे काढतात. ते उपचारासाठी लागतात. शिकवण्यासाठी वापरणार असतील तर तुमची संमती लागते, सही करण्याआधी कागद वाचा. लेकीला धातूच्या स्वस्त कानातल्यांनी पुरळ येतं, हेही मी लिहून घेतलं आहे, कारण या तारांत निकेल असतं. हे न विसरता सांगायला हवं.

खाण्याचं फार अवघड नाही. फुटाणे, चिक्की, कडक टोस्ट, ऊस बंद. नळी चोखायची, हाड दाताखाली धरायचं नाही. खिमा, खिचडा, दालचा चालतो. खजूर बी काढून बारीक करून, कारण तो तारांत चिकटतो. मिसवाक करणाऱ्यांनी ती तारांवर जोरात घासू नये, तारांखाली जायला बारीक ब्रश मिळतो तो वापरावा. तोंड स्वच्छ राहणं हाच त्या सुन्नतचा हेतू आहे. तार आवळल्यावर दोन-तीन दिवस दुखतं, म्हणून रमजानातली तारीख शक्यतो ईदनंतर मागून घ्यायची.

जाऊबाईंना सांगितलं आहे, शनिवारी पुतण्यालाही बरोबर घेऊ, निदान तपासून तरी येईल. जबडा वाढत असतानाच काही उपचार सोपे जातात. अमेरिकेतली या विषयातल्या डॉक्टरांची संघटना तर सातव्या वर्षीच एकदा दाखवा म्हणते. जाऊबाईंचा होकार अजून आलेला नाही. मी पुन्हा विचारणार आहे.

लेकीनं डॉक्टरांना विचारायचे प्रश्न वहीत उतरवले आहेत. दुखेल का, दात काढाल का, किती महिने, खेळता येईल का. पाचवा प्रश्न तिनं मला दाखवला नव्हता, मी काल वही चाळताना वाचला: "जानेवारीत किरातची स्पर्धा आहे. मी नाव दिलं आहे. तारा त्याआधी लावाल की नंतर?" नाव कधी दिलं, मला माहीत नव्हतं. मी वही होती तशी दप्तरात ठेवली. शनिवारी डॉक्टरांसमोर ती वही तिच्याच हातात असेल.